उत्क्रांती, सिकलसेल आणि माणसाची किंमत

(अभ्यासपाठ. घरी आधी वाचावे : उत्पत्ती १:२६-३१ व २:४-७, योहान ९:१-७, प्रेषितांची कृत्ये १७:२४-२८)



दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा शिकून आलेली मुले रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास विचारतात. “सर म्हणतात, माणूस माकडापासून झाला. तुम्ही म्हणता, देवाने घडवला. मग पेपरात काय लिहू?” आपण मोठी माणसे हसतो आणि प्रश्न टाळतो. मूल मात्र मनातल्या मनात ठरवून टाकते की शाळा एक सांगते, चर्च दुसरे सांगते आणि दोघांचा मेळ नाही.

हा प्रश्न टाळू नये. कारण ‘माणूस कोठून आला’ या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा प्रश्न उभा असतो, ‘माणसाची किंमत काय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे समजून घेऊन लोकांनी दुसऱ्याचे फार वाईट उत्तर दिलेले आहे. ते युरोपात झाले, तसेच आपल्या तापीकाठीही होते. म्हणून आज थोडा सविस्तर विचार करूया.

१. पवित्र शास्त्र काय सांगते, काय सांगत नाही

उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत निर्मितीची दोन वर्णने आहेत. पहिल्यात झाडे व पशू आधी आणि माणूस शेवटी निर्माण होतो. दुसऱ्यात शेतात झुडूप उगवण्याआधीच देव मातीचा माणूस घडवतो. ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांना हा फरक दिसत नव्हता असे नाही. तरीही त्यांनी दोन्ही वर्णने ठेवली, कारण त्यांना वेळापत्रक द्यायचे नव्हते, सत्य सांगायचे होते. ते सत्य असे : जे काही आहे ते देवामुळे आहे, ते चांगले आहे, आणि प्रत्येक स्त्री व पुरुष देवाचे प्रतिरूप आहे.

चौथ्या-पाचव्या शतकातले संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवर मोठे भाष्य लिहिले. निर्मितीचे सहा दिवस म्हणजे आपले चोवीस तासांचे दिवस नव्हेत, असे त्यांचे मत होते. डार्विनच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली शिकवले की शास्त्र वाचताना त्या त्या लेखनाचा प्रकार आणि लेखकाचा हेतू पाहावा.

२. ख्रिस्तसभेची शिकवण

पोप बारावे पायस यांनी १९५० च्या विश्वपरिपत्रकात सांगितले की माणसाचे शरीर आधीच्या सजीवांपासून आले का, याचा अभ्यास विद्वानांनी करण्यास हरकत नाही. आत्मा मात्र थेट देवच निर्माण करतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात उत्क्रांती ही आता केवळ एक कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली त्याच अकादमीपुढे सांगितले की देवाला जादूगार समजू नका. निर्माणकर्ता देव आणि उत्क्रांती यांच्यात विरोध नाही.

आनुवंशिकतेचे नियम ज्यांनी प्रथम शोधले ते ग्रेगोर मेंडेल हेही एक धर्मगुरूच होते. मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवून त्यांनी १८६५ साली आपले निष्कर्ष मांडले. दहावीच्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

ख्रिस्तसभा कोठे थांबते तेही समजून घेतले पाहिजे. ‘शरीर हळूहळू बदलत आले’ हे विज्ञान झाले. ‘म्हणून देव नाही, माणूस म्हणजे एक अपघात आहे, त्याच्या जगण्याला अर्थ नाही’ हे विज्ञान नव्हे. ते विज्ञानाच्या नावावर खपवलेले मत आहे आणि ते आपण मानत नाही.

३. आपल्या पायाखालची पाने

काळ किती खोल आहे हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव दक्षिण काशी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण येथील टेकाड १९५० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी खणले, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. त्यांना एकावर एक चार काळांच्या वस्तीचे थर सापडले. सर्वांत खाली इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातले, रंगवलेली मडकी आणि दगडी पाती वापरणारे लोक होते. त्यांच्यावर लोखंड वापरणारे, आणि त्यांच्याही वर नंतरच्या शतकांतले.

ही झाली माणसाच्या वस्तीची गोष्ट. ज्या काळ्या जमिनीत आपण कापूस आणि दादर पेरतो ती ज्या खडकाची झाली, तो लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा जीवाश्म मिळाला. पवित्र शास्त्रासारखीच जमीनही देवाचीच आहे. एक पुस्तक दुसऱ्याला खोटे ठरवील अशी भीती आपण का बाळगावी?

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. माणूस माकडापासून झाला असे विज्ञानही म्हणत नाही. आजची माकडे आपली आजोबा नव्हेत, फार दूरची भाऊबंद आहेत. दोघांचे पूर्वज फार मागे कोठेतरी एक होते. बदल कसा होतो हे शेतकऱ्याला समजावे लागत नाही. दादरची चांगली कणसे बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवली की काही पिढ्यांनी पीक बदलते. शेतकरी जे हाताने करतो ते निसर्गात हवा, पाणी, रोगराई यांमुळे आपोआप घडते. जो जीव त्या ठिकाणी तगतो त्याची पिल्ले पुढे राहतात. याला नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली हा विचार पुस्तकरूपाने मांडला. मुलाने पेपरात हेच लिहावे. त्याच्या श्रद्धेला काही धक्का लागत नाही.

४. आपल्या रक्तातला पुरावा : सिकलसेल

नैसर्गिक निवड माणसात कशी चालते याचे जगातले फार स्पष्ट उदाहरण आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या घराघरांत आहे. ते म्हणजे सिकलसेल.

तांबड्या रक्तपेशी गोल, मऊ असतात आणि बारीक नळ्यांतून सहज जातात. सिकलसेलमध्ये रक्ताच्या जनुकातल्या एका छोट्याशा बदलामुळे पेशी ताठर होते आणि विळ्याचा आकार घेते. अशा पेशी नसांत अडकतात. मग हातापायांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात, रक्त कमी पडते, कावीळ होते, जंतुसंसर्ग लवकर होतो.

हा बदल आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला तर माणूस ‘वाहक’ असतो आणि सहसा धडधाकट राहतो. दोघांकडून आला तर तो ‘रुग्ण’ होतो. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण बाळाची, चारांत दोन वाहकाची आणि चारांत एक पूर्ण निरोगी बाळाची असते.

मग इतका त्रासदायक बदल टिकला कसा? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले की वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने लेकरे दगावत होती, तेथे वाहक मुले अधिक जगली आणि त्यांनी हा बदल पुढे दिला. म्हणून तो आफ्रिकेत, अरबस्तानात आणि मध्य व पश्चिम भारताच्या जंगलपट्ट्यांत आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली. सातपुड्यातील भिल्ल, पावरा, मावची आदी समाजांत तो आहे याचे कारण इतकेच की त्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे या रानात राहून मलेरियाशी झुंज दिली. इतर समाजांतही तो आढळतो.

येथे उत्क्रांतीचा खरा धडा लक्षात येतो. निसर्गाने ‘श्रेष्ठ’ माणूस निवडला नाही. त्या ठिकाणी, त्या रोगात जो तगला तो राहिला. जो बदल मलेरियाच्या रानात कामाचा, तोच मलेरिया नसलेल्या शहरात निरुपयोगी. त्यात वरचा-खालचा, पुढारलेला-मागासलेला असे काही नाही. आणि ज्या लेकराला तो दोन्हीकडून मिळाला त्याच्या कळांचे काय करायचे, हे उत्क्रांती सांगत नाही. ते सांगायला दुसरा गुरू लागतो.

५. विज्ञानाच्या नावाने माणसांची उतरंड

पण लोकांनी उत्क्रांतीतून उतरंड रचली. ‘सर्वांत लायक तोच टिकतो’ हे शब्द हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ साली वापरले. त्यातून अर्थ काढला गेला की जो गरीब तो नालायक, जो हरला तो हरण्याच्याच योग्यतेचा. डार्विनचे नातलग फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली ‘सुप्रजननशास्त्र’ या विचाराला नाव दिले : चांगल्या कुळांची संतती वाढवावी, ‘हलक्यांची’ रोखावी. स्वतः डार्विनही आपल्या काळातील युरोपीय अहंकारातून पूर्ण सुटलेले नव्हते. तरीही दुबळ्यांविषयीची सहानुभूती हा माणसाच्या स्वभावाचा सर्वांत उदात्त भाग आहे, असे त्यांनीच १८७१ साली लिहिले, हेही सांगायला हवे.

या विचाराचा शेवट जर्मनीत झाला. १९३३ साली आनुवंशिक रोग्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला आणि १९३९ पासून अपंग व मनोरुग्णांना ठार मारणे सुरू झाले. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणसे मारली गेली. पोप अकरावे पायस यांनी १९३० सालीच अशा सक्तीच्या नसबंदीचा निषेध केला होता. म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी व्यासपीठावरून उघड विचारले, की काम करू न शकणाऱ्याला मारणे योग्य असेल तर उद्या आपण म्हातारे झाल्यावर आपले काय? २००५ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘धन्यवादित’ घोषित केले. मात्र त्याच जर्मनीत गप्प राहिलेले ख्रिस्ती लोकही पुष्कळ होते, हे विसरून चालणार नाही.

या गोष्टीत एक मराठी बाईही आहेत. इरावती कर्वे शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे मत होते की गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी असते आणि त्यावरून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की वंशाचा आणि कवटीच्या ठेवणीचा असा काही संबंध दिसत नाही. ज्यांच्या हाती पदवी होती त्या गुरूंनाच हा निकाल नको होता. बाई परत आल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर मानवशास्त्र शिकवले. त्यांनी पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारमधील, भिल्लांची सामाजिक व आर्थिक पाहणीही केली. त्या ख्रिस्ती नव्हत्या, पण खोटे लिहिण्यास त्यांनी नकार दिला. सत्य कोठूनही आले तरी ते देवाचेच असते.

आपल्या देशात उतरंडीला जर्मनीची गरज नव्हती. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो डाग कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली निघाला. जातिभेदाने रक्त शुद्ध राहते, असे म्हणणारेही होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली त्याला उत्तर दिले की शुद्ध रक्ताची जात येथे कोणतीच नाही. आजचे जनुकशास्त्र हेच सांगते. जगातील कोणतीही दोन माणसे घ्या, त्यांची जनुकीय लिखावट हजारात सुमारे नऊशे नव्याण्णव अक्षरे सारखीच निघते. देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली, असे संत पौलाने अथेन्समध्ये सांगितले होते. त्या वचनाची येथे आठवण होते.

६. पाप कोणाचे?

आता आपल्याच अंगणात पाहूया. ‘जंगली’, ‘मागासलेला’, ‘आदिमानव’ हे शब्द आपल्या तोंडी येतात की नाही? आपला समाज वरचा आणि शेजारचा खालचा, असे चर्चमध्ये एकाच बाकावर बसूनही आपण मानतो की नाही? सोयरीक जमवताना मुलगी वाहक आहे असे कळताच बोलणी मोडतात. मुलगा वाहक असेल तर मात्र गोष्ट लपवली जाते. लेकरू वारंवार आजारी पडले तर सून अपशकुनी ठरते. कोठे कोठे तर एखाद्या विधवेला डाकीण ठरवून छळतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला शिक्षा आहे. ख्रिस्ती माणसाला तर असे करायला कायद्याचीही भीती लागू नये.

शिष्यांनी जन्मांध माणसाकडे पाहून येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आई-बापाचे? येशूने सांगितले की याचेही नाही आणि त्यांचेही नाही. मग तो जमिनीवर थुंकला, त्याने चिखल केला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावला. दोष कोणाचा या चर्चेत येशू अडकला नाही, त्याने हात चिखलात घातला. ज्या मातीने देवाने माणूस घडवला त्याच मातीने त्याने त्याला बरे केले.

सिकलसेल हा शाप नाही, पापाची शिक्षा नाही, जातीचा कमीपणाही नाही. ती एका जुन्या झुंजीची खूण आहे. आणि ज्याला तिचा त्रास होतो तो देवाचे प्रतिरूप आहे, पूर्ण आणि अखंड.

७. आपण काय करावे

तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. आशाताई मार्ग सांगतील. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणीत लाज नाही. लाज लपवण्यात आहे.

लग्नाआधी दोघांनीही तपासावे. वाहक असणे म्हणजे नालायक असणे नव्हे. वाहकाने वाहकही नाही आणि रुग्णही नाही अशा व्यक्तीशी लग्न केले तर त्यांचे मूल सहसा सिकलसेलचा रुग्ण होत नाही. दोघे वाहक असतील तर डॉक्टरांशी आणि फादरांशी शांतपणे बोलावे. पोप अकरावे पायस यांनी दाखवलेली वाट अशी की सल्ला देता येतो, पण लग्नाचा हक्क हिरावता येत नाही.

गर्भातील बाळाविषयी ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे. आजारी निघेल म्हणून त्याला टाकून देता येत नाही. पण हे सांगून आपण मोकळे झालो, तर ते दांभिकपणाचे होईल. ‘बाळ ठेवा’ असे म्हणणाऱ्या धर्मग्रामाने त्या बाळाच्या कळांच्या रात्री त्या घरी जायला हवे, दवाखान्याच्या गाडीभाड्याला हातभार लावायला हवा, गरज पडेल तेव्हा रक्त द्यायला हवे.

रुग्णाची काळजी घ्यावी. पाणी भरपूर प्यायला द्यावे, ताप आला तर वाट पाहू नये, अतिश्रम आणि थंडी टाळावी, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नयेत. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी सोबत रुग्णाचे कार्ड आणि औषधे न्यावीत. उन्हात तहानलेल्या अंगाने काम केले की कळा उसळतात, हे मुकादमालाही सांगून ठेवावे.

शेवटी, मुलाच्या प्रश्नाला हसू नये. ‘शरीर कसे झाले ते विज्ञान सांगते. तू कोणाचा आहेस ते देव सांगतो,’ एवढे त्याला सांगावे. आणि वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्या, वारंवार गैरहजर राहणाऱ्या मित्राच्या घरी त्याला घेऊन जावे. धडा तेथे पूर्ण होईल.

चिंतनासाठी प्रश्न

१. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत कोणता फरक दिसतो? तो फरक असूनही दोन्ही एकच सत्य कसे सांगतात?
२. ‘लायक’ या शब्दाचा विज्ञानातला अर्थ आणि आपल्या बोलण्यातला अर्थ यांत काय फरक आहे?
३. आपल्या पाड्यात, गल्लीत सिकलसेलचे रुग्ण असलेले घर कोणते? मागच्या वर्षभरात आपण तेथे गेलो का?
४. सोयरीक जमवताना आपण माणसाची किंमत कशावरून ठरवतो?

प्रार्थना

हे निर्माणकर्त्या पित्या, मातीतून तू आम्हांला घडवलेस आणि आपला श्वास दिलास. डोंगर, नद्या आणि आमचे रक्त यांत तू लिहिलेले वाचण्याची बुद्धी आम्हांला दे. कोणालाही खालचा मानण्याच्या पापाची क्षमा कर. जे वेदनेत आहेत त्यांना धीर दे आणि त्यांच्याजवळ जायला आमच्या पायांत बळ दे. ख्रिस्त आमचा प्रभू याच्याद्वारे. आमेन.